पंक्तिभेद आणि अणुबाँब

(डब्लिन येथे मराठी मित्रमंडळींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर, किंचित संपादित.)



संयोजकांनी मला बोलायला सांगितले तेव्हा मी पाण्यातल्या जड धातूंवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी, कारण माझा प्रयोगशाळेतला दिवस त्यातच जातो. त्याऐवजी मी अण्वस्त्रांचा विषय घेतला, याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे मी रसायनशास्त्रातली संशोधक आहे. पाण्याच्या थेंबात कोणत्या मूलद्रव्याचे कोणते समस्थानिक किती आहे हे मोजणे हा माझा व्यवसाय, आणि अण्वस्त्रांवरची आंतरराष्ट्रीय देखरेख बरीचशी अशाच मोजमापावर उभी आहे. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. आपण ज्या देशात राहतो, कर भरतो आणि आपल्यापैकी बरेच जण आता मतदानही करतात, त्या देशाचा या प्रश्नाशी साठ वर्षांहून जुना संबंध आहे. आपल्या लोकांना तो फारसा माहीत नसतो. भारतातल्या बातम्यांत आयर्लंडचे नाव या संदर्भात आलेच तर ते "भारताला आडवे येणारे देश" अशा यादीत येते.

मला आज एकच मुद्दा मांडायचा आहे. अण्वस्त्रांच्या जगात पंक्तिभेद आहे, हे भारताचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पण पंक्तिभेदाची तक्रार करणाऱ्याला दोन प्रकारच्या मागण्या करता येतात. "माझेही पान वरच्या पंगतीत मांडा" ही एक, आणि "वरची पंगतच उठवा" ही दुसरी. भारताने सुरुवात दुसऱ्या मागणीने केली आणि पुढे पहिलीवर समाधान मानले. भाषा मात्र अजून दुसरीचीच चालू आहे. आयर्लंडने दुसरी मागणी बऱ्यापैकी लावून धरली, पण ऐन मोक्याला एकदा सोडली. त्या एका प्रसंगाचा धागा थेट आपल्या कोकणापर्यंत पोचतो. तो तुमच्यापुढे उलगडायचा आहे.

शस्त्रे खाली ठेवायला लावणारा माणूस

फ्रँक एकेन हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? आयर्लंडच्या यादवी युद्धात पराभूत झालेल्या बाजूचे, म्हणजे कराराला विरोध करणाऱ्या आयआरएचे, ते अखेरचे सरसेनापती. १९२३ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याकडे सूत्रे आली आणि २४ मे १९२३ रोजी त्यांनी आपल्या माणसांना लढाई थांबवून शस्त्रे दडवून ठेवण्याचा आदेश दिला. पराभव न कबूल करता लढाई संपवण्याचा तो मार्ग होता. हाच माणूस पुढे १९५७ ते १९६९ अशी बारा वर्षे सलग आयर्लंडचा परराष्ट्रमंत्री होता.

आयर्लंडला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला १९५५ च्या डिसेंबरात. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५८ मध्ये, एकेन यांनी आमसभेत एक सूचना मांडली. तेव्हा अणुबाँब असलेले देश तीनच होते: अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन. एकेन यांचे म्हणणे साधे होते. असलेले बाँब एका दिवसात जाणार नाहीत, पण निदान त्यांची संख्या असलेल्या देशांपुरती थांबवू या, म्हणजे पुढची वाट मोकळी राहील. त्या वर्षी पुरेसा पाठिंबा दिसेना म्हणून त्यांनी ठराव मागे घेतला. पुढच्या वर्षी पुन्हा आणला. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. अखेर ४ डिसेंबर १९६१ रोजी तो एकमताने मंजूर झाला. त्याला आजही "आयरिश ठराव" म्हणतात. त्यातूनच अण्वस्त्र प्रसारबंदी करार, म्हणजे एनपीटी, आकाराला आला. १ जुलै १९६८ रोजी तो सह्यांसाठी खुला झाला, तेव्हा मॉस्कोत पहिली सही करण्याचा मान एकेन यांना देण्यात आला. करार संमत करणारा पहिला देशही आयर्लंडच.

एकेन यांची काळजी समजायला शाळेतले गणित पुरेसे आहे. दोन देशांकडे बाँब असेल तर भांडणाची जोडी एक. पाच देशांकडे असेल तर जोड्या दहा. नऊ देशांकडे असेल, आणि आज ते नऊ आहेत, तर जोड्या छत्तीस. उद्या वीस झाले तर एकशे नव्वद. प्रत्येक जोडीत गैरसमज, चुकीचा इशारा, माथेफिरू सेनापती किंवा बिघडलेला रडार यांची शक्यता थोडीशीच असते असे धरले, तरी शक्यतांची बेरीज देशांच्या संख्येपेक्षा कितीतरी वेगाने वाढते. प्रत्येक नवा देश फक्त एका बाँबची भर घालत नाही, तो आधीच्या प्रत्येक देशाशी एक नवी जोडी तयार करतो.

भारताची तक्रार

आता भारताची बाजू. ती नीट ऐकल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

अणुचाचण्या ताबडतोब थांबवा, अशी मागणी जगात सर्वांत आधी करणाऱ्यांत जवाहरलाल नेहरू होते. १९५४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी ती संसदेत केली. १९६५ साली कराराची चर्चा चालू असताना भारताने इतर अलिप्त देशांबरोबर आग्रह धरला की जबाबदाऱ्यांचा तोल हवा: आम्ही बाँब करणार नाही, पण तुम्हीही आपले कमी करायला लागा. हा तोल कराराच्या अंतिम मसुद्यात उतरला नाही. सहाव्या कलमात निःशस्त्रीकरणासाठी सद्‌हेतूने वाटाघाटी करू असे वचन आहे, पण त्याला ना मुदत, ना शिक्षा. उलट पंक्तिभेदाची रेघ मात्र तारखेसह आखली गेली. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी अणुस्फोट केला ते पाच देश अण्वस्त्रधारी, बाकी सारे कायमचे निरस्त्र. भारताने सही केली नाही. त्या वेळी मी असते तर मीही सही करू नका असेच म्हटले असते.

१९९८ मध्ये पोखरणच्या स्फोटांनंतर जसवंतसिंग यांनी या व्यवस्थेला आण्विक वर्णद्वेष म्हटले. शब्द दक्षिण आफ्रिकेचा होता. आपल्याला इतक्या लांब जायची गरज नाही. काही विशिष्ट घरांत जन्मले म्हणून वरच्या पंगतीत बसणारे, आणि त्यांनीच लिहिलेल्या पोथीवरून इतरांना सोवळे शिकवणारे, हे चित्र महाराष्ट्राला चांगले परिचयाचे आहे. म्हणूनच त्यावर महाराष्ट्राने काय उत्तर शोधले हेही आठवायला हवे.

कोल्हापूरचे वेदोक्त प्रकरण तुम्हाला माहीत आहे. १८९९ च्या सुमारास शाहू महाराजांच्या लक्षात आले की त्यांच्यासाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हटले जात आहेत, कारण पुरोहितांच्या लेखी छत्रपतीही शूद्रच. महाराजांनी वेदोक्ताचा हक्क मागितला आणि त्यासाठी झगडा केला. पण ते तिथे थांबले असते तर आज त्यांचे नाव कोण घेते? एका राजाला हवे ते मंत्र मिळाले, एवढाच त्याचा अर्थ झाला असता. महाराज पुढे गेले. १९०२ मध्ये त्यांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, आणि १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत ते तरुण बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिले. स्वतःवरच्या अन्यायापासून ते साऱ्या व्यवस्थेवरच्या प्रश्नापर्यंत गेले. म्हणून ते राजर्षी.

भारताच्या अणुधोरणाची माझ्या मते शोकांतिका ही की ते वेदोक्तापाशी थांबले. ९ जून १९८८ रोजी राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रसंघात २०१० पर्यंत जग अण्वस्त्रमुक्त करण्याचा टप्प्याटप्प्याचा आराखडा मांडला होता. अण्वस्त्रधाऱ्यांनी त्याला काडीची किंमत दिली नाही, हे खरे. पण दहा वर्षांनी, ११ आणि १३ मे १९९८ रोजी, आपण जे केले ते त्या आराखड्याच्या नेमके उलटे होते. मी तेव्हा कॉलेजात होते. वर्गात पेढे वाटले गेले. दोनच आठवड्यांनी, २८ मे रोजी, पाकिस्तानने चगाईच्या डोंगरात स्फोट केले. पेढे तिकडेही वाटले गेले असणार.

त्याच वर्षी जूनमध्ये इथे, डब्लिनमध्ये, आठ देशांनी एक संयुक्त जाहीरनामा काढला: आयर्लंड, स्वीडन, स्लोव्हेनिया, मेक्सिको, ब्राझील, इजिप्त, दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड. त्याची तारीख होती ९ जून १९९८. राजीव गांधींच्या भाषणाला त्या दिवशी बरोबर दहा वर्षे होत होती. जाहीरनाम्याने पाच मान्यताप्राप्त अण्वस्त्रधाऱ्यांना जितके सुनावले, तितकेच भारत, पाकिस्तान व इस्राएल यांनाही सुनावले. भारतात फक्त दुसरा भाग ऐकू गेला.

एकाच भट्टीतून वीज आणि बाँब

इथे थोडे विज्ञान सांगते, कारण त्याशिवाय पुढचा राजकीय भाग कळणार नाही.

खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये उपयोगी समस्थानिकाचे प्रमाण जेमतेम ०.७ टक्के असते. विजेच्या बहुतेक भट्ट्यांना ते ३ ते ५ टक्के लागते, बाँबला ९० टक्क्यांच्या आसपास. हे वाचून वाटते की ५ पासून ९० फार दूर. प्रत्यक्षात ०.७ वरून ५ पर्यंत येण्यातच निम्म्याहून बरेच जास्त कष्ट संपलेले असतात. यंत्रे तीच, फक्त जास्त वेळ फिरवायची. दुसरा मार्ग प्लुटोनियमचा. भट्टीत जळालेल्या इंधनातून ते रासायनिक प्रक्रियेने वेगळे काढता येते. म्हणजे ऊर्जा आणि अस्त्र यांच्यात भिंत आहे ती यंत्राची नसून हेतूची आणि देखरेखीची आहे.

याचे उदाहरण आपल्या तुर्भ्यातच आहे. सायरस ही भट्टी कॅनडाने दिली, जड पाणी अमेरिकेचे. १९६० मध्ये ती सुरू झाली, अट होती शांततामय वापराची. १८ मे १९७४ च्या पोखरणच्या पहिल्या स्फोटातले प्लुटोनियम तिच्यातूनच आलेले. आपण त्याला "शांततामय अणुस्फोट" म्हटले. इतर देशांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला आणि अणुपुरवठादार देशांचा गट, म्हणजे एनएसजी, स्थापन केला. सहीच्या बाहेर राहिलेल्या देशांना अणुसाहित्य देताना हात आखडता घ्यायचा, हा त्याचा उद्देश. तारापूरच्या इंधनाचे हाल त्यातूनच सुरू झाले.

देखरेख शक्य आहे का? माझ्या क्षेत्राचे उत्तर: पुष्कळ प्रमाणात, हो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक कारखान्यातली टेबले, नळ आणि भिंती कापडाच्या तुकड्याने पुसून घेतात. त्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे कण प्रयोगशाळेत तपासले की तिथे कोणते युरेनियम किंवा प्लुटोनियम हाताळले गेले ते कळते. १९९२ मध्ये उत्तर कोरियाने जाहीर केलेला प्लुटोनियमचा हिशोब नमुन्यांशी जुळेना, तो असाच उघडा पडला. खोटे बोलणाऱ्या सरकारपेक्षा धूळ जास्त प्रामाणिक असते. पण निरीक्षकाला दार उघडले तरच कापड फिरणार. तेव्हा अडचण मोजण्याची फार थोडी आहे, दार उघडण्याची जास्त आहे.

व्हिएन्ना ते माडबन

१८ जुलै २००५ रोजी मनमोहनसिंग व बुश यांनी अणुकराराची घोषणा केली. भारताने आपल्या २२ भट्ट्यांपैकी १४ देखरेखीखाली आणायच्या, ८ बाहेर ठेवायच्या, आणि बदल्यात भारताला जगाच्या बाजारातून इंधन व भट्ट्या मिळाव्यात. भारतीय आणि पाकिस्तानी शास्त्रज्ञांनी मिळून २००६ मध्ये यातला एक धोका दाखवून दिला होता: विजेसाठीचे युरेनियम बाहेरून मिळू लागले की घरचे सगळे बाँबसाठी मोकळे होते. दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसून केलेला हा हिशोब दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांत मागच्या पानावर गेला.

करार अमलात यायचा तर एनएसजीची सूट हवी होती. या गटात निर्णय सहमतीने होतात, म्हणजे तेव्हाच्या ४५ देशांपैकी एकाने ठाम नाही म्हटले तरी गाडी अडते. २००८ च्या ऑगस्टमध्ये व्हिएन्नातल्या पहिल्या बैठकीत ती अडलीही. अडवणाऱ्यांत ऑस्ट्रिया, न्यूझीलंड, स्वित्झर्लंड, नॉर्वे, नेदरलँड्स आणि आपला आयर्लंड होता. त्यांच्या मुख्य मागण्या काय होत्या? भारताने पुन्हा चाचणी केली तर पुरवठा थांबावा, समृद्धीकरण व पुनर्प्रक्रियेचे तंत्र देऊ नये, आणि वेळोवेळी फेरतपासणी व्हावी. भारतातल्या वाहिन्यांनी या देशांना जवळजवळ शत्रू ठरवले. प्रत्यक्षात त्यांची मागणी म्हणजे नेहरूंनी १९५४ मध्ये साऱ्या जगाकडे केलेल्या मागणीचाच एक छोटा तुकडा होता.

मग अमेरिकेने जोर लावला. ५ सप्टेंबरला प्रणव मुखर्जींनी निवेदन काढून चाचण्यांवरच्या स्वेच्छाबंदीचा पुनरुच्चार केला. ६ सप्टेंबर २००८ रोजी सूट मंजूर झाली. स्पष्ट अट नाही, फक्त शब्द. आयर्लंडने विरोध मागे घेतला. तेव्हा इथे परराष्ट्रमंत्री होते मिहॉल मार्टिन, आणि सरकारात ग्रीन पक्षही होता. ज्या देशाने हा सारा खटाटोप सुरू केला, त्याच्या हातात त्या दिवशी नकाराधिकार होता. तो त्याने वापरला असता तर कदाचित एक अधिक चांगला करार झाला असता. निदान "चाचणी नाही" हा शब्द कागदावर बांधला गेला असता.

त्या सुटीचे पुढे काय झाले? त्याच महिन्याच्या ३० तारखेला भारत-फ्रान्स अणुकरार झाला. २००९ च्या फेब्रुवारीत भारताच्या अणुऊर्जा महामंडळाने फ्रान्सच्या अरेवा कंपनीशी प्राथमिक करार केला. जागा ठरली रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात, जैतापूर. सहा भट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅट. माडबन, मिठगवाणे, निवेली आणि आसपासच्या गावांची नऊशे हेक्टरांहून अधिक जमीन संपादित झाली. साखरी नाट्याच्या मच्छीमारांनी विचारले, भट्टीतून समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने मासळीचे काय होईल? एप्रिल २०११ मध्ये तिथे पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मेला. आजतागायत तिथे एकही भट्टी उभी राहिलेली नाही. घाईने जमीन घेतली, माणूस गेला, वीज आलीच नाही.

माझे आजोळ राजापूर तालुक्यातले. तिथल्या माणसाला एनएसजी माहीत नव्हते, माहीत असण्याचे कारणही नव्हते. पण व्हिएन्नाच्या एका बंद खोलीत डब्लिनच्या प्रतिनिधीने मान डोलावली आणि ती मान राजापूरच्या सातबारावर उमटली. परराष्ट्रधोरण म्हणजे बड्या लोकांचे बुद्धिबळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आयर्लंडचे पाय मातीचे

आयर्लंडला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. या देशाचे ढोंगही पाहायला हवे. तटस्थ म्हणवणाऱ्या या देशाच्या शॅनन विमानतळावरून २००३ पासून इराकच्या युद्धाला जाणारे अमेरिकी सैनिक गेले. १९९९ च्या कायद्याने इथे अणुवीज निर्माण करायला बंदी आहे, पण ब्रिटनहून समुद्राखालच्या तारांतून येणाऱ्या विजेत अणुवीजही मिसळलेली असते.

तरी एक गोष्ट या देशाने अनुभवातून शिकलेली आहे. समुद्रापलीकडे, इंग्लंडच्या किनाऱ्यावर सेलाफील्ड आहे. जुने नाव विंडस्केल. ब्रिटनच्या बाँबसाठी प्लुटोनियम करायला बांधलेल्या तिथल्या भट्टीला १० ऑक्टोबर १९५७ रोजी आग लागली. पुढे १९९० च्या दशकात तिथून आयरिश समुद्रात टेक्नेशियम-९९ मोठ्या प्रमाणात सोडले गेले आणि ते शेवंडांत, म्हणजे लॉब्स्टरमध्ये, सापडू लागले. त्याचे अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून जास्त आहे. शास्त्रज्ञ म्हणून हेही सांगायला हवे की आयर्लंडच्या किनाऱ्यावर मासळी खाणाऱ्याला त्यातून मिळणारी मात्रा अगदीच अल्प होती. पण प्रश्न मात्रेइतकाच संमतीचाही होता: आमच्या समुद्रात हे टाकायला आम्हाला कोणी विचारले? आयर्लंडने २००१ मध्ये ब्रिटनला आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणात खेचले. २००२ मध्ये इथल्या सरकारने घरोघर आयोडीनच्या गोळ्या टपालाने पाठवल्या. त्यापूर्वी, १९७८-७९ मध्ये, वेक्सफर्डच्या कार्नसोर टोकावर अणुवीज केंद्र उभारण्याचा सरकारचा बेत हजारो लोकांनी तिथे तंबू ठोकून आणि गाणी म्हणून हाणून पाडला. कार्नसोरच्या शेतकऱ्यात आणि माडबनच्या आंबेवाल्यात काय फरक होता? कार्नसोरला गोळी चालली नाही, एवढाच.

एक सोहळा, जो झाला नाही

जून २०१७ मध्ये लिओ वराडकर पंतप्रधान झाले तेव्हा आपल्यात किती आनंद झाला! मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान. आपण मेसेज पाठवले, लाडू वाटले. ठीकच होते. पण पुढच्याच महिन्यात, ७ जुलै २०१७ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघात १२२ देशांनी अण्वस्त्रबंदी करार मंजूर केला. ज्या सहा देशांनी तो पुढे रेटला त्यात आयर्लंड होता. २० सप्टेंबरला करार खुला झाला त्याच दिवशी वराडकर सरकारने सही केली. ६ ऑगस्ट २०२०, हिरोशिमाचा पंचाहत्तरावा स्मृतिदिन, त्या दिवशी आयर्लंडने तो संमत केला. तेव्हा पंतप्रधान कोण होते? तेच मिहॉल मार्टिन, ज्यांनी २००८ मध्ये मान डोलावली होती. २२ जानेवारी २०२१ पासून करार अमलात आहे. सत्तरहून अधिक देश त्याचे सदस्य आहेत.

या कराराचे वैशिष्ट्य हे की त्यात पंक्तिभेद नाही. कोणतीही तारीख नाही, कोणी द्विज नाही. बाँब सर्वांनाच निषिद्ध. भारताने १९६५ पासून ज्या समान कराराची मागणी केली, तोच हा. आणि भारत त्याच्या वाटाघाटींना गेलाच नाही. नऊही अण्वस्त्रधारी गेले नाहीत. पंगतीत पान मिळाले की पंक्तिभेद दिसेनासा होतो, तो असा. वराडच्या मुलाच्या कौतुकात आपण लाडू खाल्ले, पण त्याच्या सरकारने केलेल्या या सहीबद्दल आपल्या मंडळींत कोणी चकार शब्द काढल्याचे मला आठवत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप नेहमीचा. "आयर्लंडला बोलायला काय जाते? त्यांच्या शेजारी ना चीन ना पाकिस्तान." खरे आहे. १९६२ चे युद्ध आणि १९६४ चा चीनचा स्फोट भारताने अनुभवला, आयर्लंडने नाही. पण बाँबने काय दिले याचा हिशोब तरी मांडू. १९९८ मध्ये दोघांकडे बाँब आले, १९९९ मध्ये कारगिल झाले. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला. मे २०२५ मध्ये चार दिवस दोन्ही देश एकमेकांच्या हद्दीत क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सोडत होते, आणि इथे डब्लिनमध्ये आपण रात्री-अपरात्री घरी फोन लावत होतो. बाँबने यातले काहीच थांबवले नाही. त्याने एवढेच केले की प्रत्येक भांडणाच्या तळाशी एक अथांग विहीर खणून ठेवली. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० अण्वस्त्रे आहेत. मुंबई आणि कराची या दोन शहरांसाठी त्यातली दोन पुरेत.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: युक्रेन. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर हजारो अण्वस्त्रे होती. १९९४ च्या बुडापेस्टच्या वचनावर विसंबून त्याने ती सोडली. २०१४ आणि २०२२ मध्ये रशियाने त्या वचनाचे काय केले ते आपण पाहिले. ज्याला यातून "बाँब सोडू नका" हा धडा घ्यावासा वाटतो, त्याचे मन मी समजू शकते. पण वचन मोडले कोणी? वरच्या पंगतीतल्या एकाने. आणि त्याला आवर का घालता आला नाही? त्याच्याकडे बाँब होता म्हणून. म्हणजे युक्रेनची गोष्ट पंगत उठवण्याच्या बाजूचाच पुरावा आहे. उलटा धडा सगळ्यांनी घेतला तर आपण एकशे नव्वद जोड्यांच्या जगाकडे निघालो, जिथे कोणाची सुरक्षितता वाढली असे म्हणायला कोणी उरणारही नाही.

आपण काय करू शकतो

भाषणाच्या शेवटी "जनजागृती करावी" असे म्हणून खाली बसण्याची पद्धत आहे. ती मोडून तीन नेमक्या गोष्टी सांगते.

एक. भारताने मे २०१६ मध्ये एनएसजीच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला आणि तो अजून लोंबकळत आहे. तिथे अजूनही सहमती लागते, म्हणजे आयर्लंडचे मत आजही मोलाचे आहे. "भारताला पाठिंबा द्या" अशी पत्रे आपल्या टीडींना, म्हणजे इथल्या खासदारांना, लिहा असे आपल्याला अधूनमधून सांगितले जाते. लिहू या. पण त्यात एक वाक्य घालू या: भारताने २००८ मध्ये चाचणी न करण्याचा जो शब्द दिला, त्याला चाचणीबंदी करारावरच्या सहीचे रूप द्यावे, मग आयर्लंडने आनंदाने हो म्हणावे. आपल्याच सरकारने दिलेल्या शब्दाची आठवण करून देणे याला देशद्रोह म्हणत नाहीत.

दोन. अण्वस्त्रबंदी कराराच्या बैठकांना सदस्य नसलेल्या देशांनाही निरीक्षक म्हणून बसता येते. जर्मनी आणि नॉर्वे नाटोत असूनही बसले. भारताने निदान तेवढे करावे, अशी मागणी भारतीय दूतावासाच्या कार्यक्रमांत, प्रश्नोत्तरांच्या वेळी, सभ्यपणे आणि वारंवार करावी. एकेन यांनी एकच ठराव चार वर्षे आणला. आपल्याला एकच प्रश्न चार वेळा विचारायला हरकत नाही.

तीन. इथल्या पाकिस्तानी शेजाऱ्यांशी बोलावे. आपण एकाच दुकानातून तांदूळ आणि मसाले घेतो, आपली मुले एकाच संघात क्रिकेट खेळतात. २००६ मध्ये दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांना एकत्र बसून प्लुटोनियमचा हिशोब मांडता आला, तर आपल्याला एकत्र बसून चहा नक्कीच घेता येईल. दरवर्षी ६ ऑगस्टला डब्लिनच्या मेरियन चौकात, हिरोशिमाच्या स्मरणार्थ लावलेल्या चेरीच्या झाडापाशी लोक जमतात. यंदा दोन्हीकडच्या कुटुंबांनी मिळून तिथे जावे, अशी माझी सूचना आहे. त्यासाठी नावे आजच घेऊ या. चहाच्या टेबलावर कागद ठेवला आहे.

आता प्रश्न विचारा, आणि न पटलेले आधी विचारा.